भिंतीवरचा राब

हरेश,

तू म्हणालास, "बाई, माझ्यावर काय लिहिता, मी काय मोठा माणूस हाय का?" नाहीस, म्हणूनच लिहिते आहे. मोठ्या माणसांवर लिहायला पुष्कळजण बसलेत आणि सगळे तेच ते लिहितात. तुला आठवीत मी विज्ञान शिकवलं. शिकवलं म्हणजे मी फळ्यापाशी बोलत होते आणि तू वहीच्या मागच्या पानावर कंदिलाची वात काढत होतास, तीही पेन्सिलीने नव्हे, बोटाला काजळी लावून. काजळी आणलीस कुठून, हे मी विचारायला हवं होतं. पण मला रागवायची घाई होती. मी वही खिडकीबाहेर टाकली. तू ती आणायला गेलास आणि तास संपेपर्यंत परत आला नाहीस. आपली ओळख झाली ती अशी.

तर हे पत्र इथेच थांबवते. तुझी गोष्ट तुलाच सांगून काय उपयोग, तू होतासच तिथे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. तू बाजूला बसून ऐक, आणि मध्येमध्ये दुरुस्त्या करू नकोस.

हरेश पेमारे रंगारी आहे. चित्रकार हा शब्द लोकांनी त्याच्यासाठी अलीकडे काढला. पोटासाठी तो लोखंडी नळ रंगवतो. एकोणिसाव्या वर्षी मोहोपाड्याला एका ठेकेदाराकडे लागला. कारखान्यात कुठल्या नळातून काय जातं त्यावर त्याचा रंग ठरलेला असतो, त्यात रंगाऱ्याने आपली अक्कल चालवायची नसते. सहा वर्षं त्याने अक्कल चालवली नाही. मग लग्न झालं. बायको छाया म्हणाली, रोजचं एवढं लांब जाणं नको. तेव्हापासून तो भिवपुरीला, डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे ते अजस्र नळ रंगवणाऱ्या टोळीत आहे. पावसाळा सोडून आठ महिने काम. कमरेला दोर, हातात तारेचा ब्रश. गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा एक हात मारायचा, त्यावर रुपेरी रंग. वरच्या टोकाला पोचेपर्यंत खालचं टोक पुन्हा गंजायला लागलेलं असतं. हे ऐकून कुणाकुणाला त्याची कीव येते. त्याला स्वतःला येत नाही. "काम कवा संपतच नाय, यापरीस चांगली नोकरी कुठली?" असं तो खरोखर मनापासून म्हणतो.

गंजापासूनच सगळं सुरू झालं. खरवडलेल्या गंजाची भुकटी बाकीचे लोक झटकून टाकतात. हरेश ती डब्यात भरून घरी आणायला लागला. चिंचेच्या पाण्यात कालवून पत्र्यावर फासायची, मिठाचं पाणी शिंपडायचं, पत्रा पावसात ठेवायचा आणि आठ दिवसांनी जाऊन बघायचं की काय उमटलंय. पुढे वीटभट्टीची धूळ आली. भातगिरणीतल्या तुसाची राख आली. बांधावर खेकडा बिळातून मातीच्या गोळ्या बाहेर टाकतो ना, त्याही आल्या. त्या मातीइतकी मऊ माती दुकानात मिळत नाही म्हणे. एकदा त्याने राख बारीक करायला छायाच्या मिक्सरमध्ये घातली. छाया अंगणवाडीत मदतनीस आहे, दिवसभर वीस पोरांचा कालवा सोसून आलेली बाई. तिने बाजारातून नवं भांडं आणलं आणि जुन्यावर नेलपॉलिशने "हरेश" असं लिहून ते अंगणात ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.

या सगळ्यातून जी चित्रं निघाली, ती मला फारशी आवडली नाहीत. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "मलापण नाय आवडली." मग कशाला करतोस? "काय होतंय ते बघायला."

मग राब आला.

राब म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण शहरात राहणाऱ्यांसाठी सांगते. भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर चैत्रात शेण पसरतात. त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ. त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून द्यायचं, म्हणजे ते भडकत नाही, धुमसत धुमसत सरकतं. खालची जमीन भाजून निघते, तण मरतं. हरेशचं भातशेत दीड एकर. त्याची चुलती विमलबाई शेजारच्या घरात राहते, नवरा गेलेला, मुलगी दिलेली. तिचं आणि याचं शेत एकत्रच आहे. राब दोघं मिळून भाजतात.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी राब विझल्यावर हरेशने सहज म्हणून राख फुंकून बाजूला केली. खाली जमिनीवर सागाचं एक पान उमटलं होतं, शिरांसकट. पान केव्हाच जळून गेलेलं. त्याच्या कडेने माती विटेसारखी तांबडी, मध्ये काळीभोर, आणि जिथे शेण ओलं राहिलं होतं तिथे पिवळट, हळदीचा हात पुसल्यासारखी. हरेश पोटावर आडवा झाला आणि बघत राहिला.

"काय हरवलं रं?" विमलबाईने लांबून विचारलं.

"काय नाय."

"मंग ऊठ. लोकं बघतात, त्यांना वाटंल चक्कर आली."

जमीन काही उचलून भिंतीवर टांगता येत नाही. तेव्हा टांगता येईल अशी जमीन करायची, असं त्याने ठरवलं. आमच्या जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या असत. कारवीच्या काठ्या आडव्या-उभ्या बांधून दोन्ही अंगांनी माती लिंपलेल्या. हरेशने तीन फूट बाय चार फुटांचा कूड बांधला, त्यावर दोन बोटं जाड माती चढवली आणि तो जमिनीवर आडवा ठेवून वर राब रचला. शेण कुठे जाड, कुठे पातळ. पानं कुठली, कुठे, उलटी का सुलटी. गवताची वेणी. सगळं मनात धरून रचलेलं, पण पुढचं काम विस्तवाचं. पहिला कूड खालून वारा शिरून असा पेटला की छायाने पाण्याचं पिंप उपडं केलं. दुसराही गेला. तिसऱ्या वेळी त्याने घरापुढच्या खळ्याच्या कोपऱ्यात कुडाएवढा खड्डा खणला, कूड त्यात बसवला आणि कडा ओल्या मातीने बुजवून टाकल्या. वरचा पृष्ठभाग जमिनीशी अगदी सपाट. आता वारा शिरायला जागा नाही. हा कूड नीट भाजला, आणि काय रंग आले होते म्हणून सांगू. मी स्वतः कर्जतहून रिक्षा करून बघायला गेले. उन्हात उभी राहून बघितलं आणि काहीही वाईट बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून कळेल.

पण तो उभा केला की संपलं. भाजलेली माती वरून पिठासारखी असते. कूड भिंतीला टेकवला की अर्ध्या तासात रंग खाली ओघळून पायाशी ढीग. तांबडं गेलं, पिवळं गेलं, मागे राहिलं नुसतं मळकट खापर.

यात त्याची दोन वर्षं गेली. डिंक लावला, तर वर काचेसारखी चकाकी आली. वॉर्निश लावलं, तर सगळं एकजात काळं. मी पांढरा गोंद पाणी घालून फवारायला सांगितलं, रसायनशास्त्राच्या पदवीच्या जोरावर. त्याचा वर साय धरावी तसा पापुद्रा धरला आणि तो रंगासकट सोलून आला. हरेशने तो पापुद्रा मला आणून दाखवला. मी म्हटलं, "बरं, चुकले." त्याने तो घडी घालून खिशात ठेवला.

आता नाजनीन. शिळफाट्याला मुनव्वरशेठचं हार्डवेअरचं दुकान आहे, हरेशचे ब्रश तिथूनच येतात. नाजनीन ही त्यांची मुलगी. मुंबईला चित्रकलेचं शिकून आली आणि खालापुरातली घरची बंद भातगिरणी झाडून-पुसून तिने तिथे प्रदर्शनं भरवायला घेतली. मुनव्वरशेठचं म्हणणं, गिरणी चालू होती तेव्हा निदान कोंडा तरी निघायचा. पण कुलपाची किल्ली त्यांनीच दिली. हरेश दुकानात एकदा कुठल्या तरी चिकट पदार्थाची चौकशी करत उभा होता, तेव्हा तिने त्याच्या फोनमधले राबाचे फोटो पाहिले आणि म्हणाली, "दादा, मे महिन्यात माझ्याकडे लावू या. पण हे उभं राहतं ना?"

"राहील," हरेश म्हणाला.

मग बोलणं असं ठरलं, की एप्रिलमधल्या एका रविवारी नाजनीन येणार, कूड तिच्यासमोर उभे करायचे. टिकले तर प्रदर्शन. नाही टिकले तर ती दुसऱ्या कुणाला तरी बोलावणार. तिने तसं साफ सांगितलं, आणि बरं केलं. हरेशने तीन नवे कूड खळ्यात पुरले. या खेपेला मातीतच जास्त तूस मिसळलं, म्हणजे धरून ठेवेल अशी आशा. गुरुवारी भाजले. शुक्रवारी राख कोंबडीच्या पिसाने हलकेच झाडली. तिन्ही एकाहून एक. आणि बोट लावलं तर बोटाला रंग येत होता. उद्या-परवा उभं केल्यावर काय होणार, हे त्याला तिथेच कळलं. कामाला लागल्यापासून त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता पहिल्यांदाच एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती आणि ती बोटाला लागून येत होती.

शनिवारी सकाळी त्याने पेज घेतली नाही. विमलबाई रोज दोन्ही घरांची पेज करते, मीठ घालून तांब्याभर याच्यापुढे ठेवते. "नको," म्हणाला, आणि गोणपाट नि दोर आणायला कर्जतला निघून गेला.

दोन वाजता परत आला. खळं या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवलेलं होतं. हिरवट, गुळगुळीत, बोटांच्या अर्धवर्तुळांनी भरलेलं, कडेकडेने सुकायला लागलेलं. उंबऱ्यापुढे रांगोळीची दोन पावलं. विमलबाई पायरीवर बसून नखांतलं शेण काडीने काढत होती आणि आपल्या कामावर खूश होती.

"काकी," हरेश म्हणाला, "माझे कूड?"

"कुठले?"

"हितं होते. खळ्यात."

"हितं काय नवतं. जळकं होतं हितं. उद्या पावनी यायची, पयल्यांदा यायची, नि दारात ही मसणवट? तिला काय वाटंल, या घरात बायका हायत का नाय? तू जाळून गेलास, मी निस्तरलं."

"अगं ती चित्रं होती!"

"चित्रं जमिनीत कशाला पुरतोस रं? चित्रं भितीवर असतात."

हरेशने गुडघ्यावर बसून कूड शोधायला सुरुवात केली, पण विमलबाईचा हात असा सफाईचा की कुठे खळं संपतं आणि कुठे चित्र सुरू होतं ते कळेना. सायकलची तार घेऊन टोचत टोचत त्याने कडा शोधल्या. छाया घरात हसली. मग बाहेर येऊन त्याचा चेहरा बघितला आणि हसायची थांबली. हरेशला राग आला की तो हातपाय धुतो. त्या दुपारी त्याने तीनदा धुतले. मग नाजनीनला फोन केला.

"उद्या नको येऊस."

"का?"

"चित्रं सारवली."

"म्हणजे?"

"सारवली म्हणजे सारवली. शेणाने. आमच्या काकीने."

"दादा, मी येतेच. मला बघायचंय."

ती सकाळी नऊला स्कूटीवर आली. विमलबाईने पाट मांडला, पोहे दिले, चहा दिला. खळं किती छान सारवलंय असं नाजनीन तोंडभरून म्हणाली, त्याबरोबर विमलबाईने हरेशकडे असं बघितलं, की त्याने मान दुसरीकडे वळवली. तो कूड काढायला तयार नव्हता. "काढून काय करायचं? पुढल्या चैतात परत भाजू." नाजनीनने स्वतःच कुदळ उचलली. ती तिला धड धरता येत नव्हती, ते बघवेना म्हणून हरेश उठला.

कडा मोकळ्या केल्या, चौघांनी मिळून पहिला कूड उचलला आणि घराच्या भिंतीला उभा टेकवला. सगळ्यांचे डोळे खाली, कुडाच्या पायाशी. कडेची थोडी ओली माती पडली. आणखी काही पडलं नाही. हरेशने मागून मूठ आपटली. काही नाही. त्याने बोट लावलं. बोट कोरडं, स्वच्छ. मग कुठे त्याने मान वर केली.

सारवण अगदी पातळ होतं, पाण्यासारखं. जळक्यावर जाड कशाला वाया घालवा, असा विमलबाईचा हिशेब असावा. ते सुकून फिकट झालं होतं आणि त्याच्या आतून राबाचे सगळे रंग वर आले होते. तांबडं जरा खोल, काळं मऊ, सागाच्या पानाच्या शिरा जागच्या जागी. आणि सगळ्यावरून एका बाईच्या हाताची अर्धवर्तुळं, एकापुढे एक, घाईघाईने गेलेली. छाया म्हणाली, "अगं बाई." विमलबाई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नवतं? भितीवरच बरं दिसतं."

दुसरा कूडही तसाच उभा राहिला. तिसरा उभा केला आणि पाच मिनिटांत त्याचा अर्धाअधिक रंग भसाभसा खाली आला.

दुसरा कुणी असता तर दोन टिकले म्हणून नाचला असता. हरेश तिसऱ्यापाशी बसला. कारवी तीच, माती तीच, विस्तव तोच. हात तोच.

"काकी, हे तिन्ही एकाच बादलीतलं?"

"कसं व्हईल? एका बादलीत एवढं खळं व्हतं का? दोन बादल्या केल्या."

"दोन्हीत सारखंच?"

"शेणच रं. दुसरं काय घालू, केशर?"

"नीट आठव गं."

विमलबाई वैतागली. तिच्या हाताला जे कळतं ते तिने तोंडाने कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. "पयल्या बादलीत पेज ओतली. तू प्यायला नायस, तशीच पडून होती. टाकायची कशाला? माझी सासू घालायची. पेजेनं सारवण बसतं, उडत नाय. दुसऱ्या बादलीला पेज नवती."

हरेश हसायला लागला. दोन वर्षं तो शिळफाट्यापासून मोहोपाड्यापर्यंत दुकानं पालथी घालत होता, पदवीवाल्या बाईंना विचारत होता, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या नाकासमोर तांब्याभर चीक ठेवलेला होता. मला त्याने हे फोन करून सांगितलं. तांदळातला स्टार्च चिकट असतो हे मी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, त्यालाही.

पुढचा महिना त्या घरात पेजेचाच होता. ताजी पेज चालत नाही, माशीही बसत नाही त्यावर, म्हणाली विमलबाई, आणि ते खरं निघालं. चैत्राच्या उन्हात दोन-तीन तास पडलेली, किंचित आंबलेली चालते. फार आंबली तर बुरशी धरते. शेण सकाळचं हवं. प्रमाण विचारलं की ती चिडायची. "हाताला कळतं. तुला नाय कळत तर तू नळ रंगव." हरेशने वाटीने मोजून, भिंतीवर खडूने लिहून, एकदा स्वतः सारवून पाहिलं. रंग टिकला, पण दिसायला कूड नव्हे, ओल्या फडक्याने पुसलेली फरशी दिसत होती. पंचवीस वर्षं ब्रश धरलेला हात तो; मागे-पुढे जातो, गोल फिरत नाही. विमलबाईने तो कूड बघितला आणि पदर तोंडाला लावला.

तेव्हा त्याने तिला रीतसर विचारलं. "काकी, तू सारवशील का? सगळे."

"दर खेपेला?"

"दर खेपेला."

"आनि शेत कोण करील?"

"मी करीन."

"तू?" असं म्हणून ती जे हसली, त्यावर इथे लिहिण्यात अर्थ नाही. पण आठ कूड तिने सारवले. एकेकावर बसताना बडबड चालूच: हा वाकडा भाजलाय, इथे पान कशाला ठेवलंस, ही काय गवताची शेपटी. सहाव्या कुडाला तिने एका जागी हात थांबवला. तिथे मातीला गुलाबीसर रंग आला होता, हरेशलाही तो पुन्हा कधी साधलेला नाही. तिने तेवढी जागा टाळून बाजूने हात वळवला. पुढच्या दोन कुडांत तिचा हात तसा ठिकठिकाणी थांबत, वळत गेला.

प्रदर्शन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, गिरणीच्या भिंतीवर, आठ दिवस. हरेश रोज काम सुटलं की खालापूर गाठायचा, वाकून प्रत्येक कुडाखालच्या फरशीवरून तळहात फिरवायचा. आठव्या दिवशीही तळहात कोरडा. मुनव्वरशेठ खुर्ची टाकून दाराशी बसत आणि येईल त्याला सांगत, "हात लावू नका, शेण आहे," आणि लोक हमखास हात लावत. नावाच्या पाटीवर हरेशने "हरेश पेमारे, विमल पेमारे" असं लिहून घेतलं होतं. विमलबाईला त्याने टेंपोतून आणलं. तिला वाचता येतं. तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "माझं नाव कशाला? गावात म्हणतील, म्हातारीला काम नाय." मग दुसऱ्या कुडाकडे गेली, तिसऱ्याकडे गेली, प्रत्येक पाटीवर नाव आहे का बघत. चौथ्याला पाटी थोडी तिरकी लागली होती, ती तिने सरळ केली.

तीन कूड विकले गेले. त्यातला एक पुण्याच्या एका बाईंनी घेतला, कोथरूडच्या, पाचव्या मजल्यावर. हरेश आणि टोळीतल्या दोघांनी तो जिन्याने चढवला, कारण लिफ्ट बंद होती. घरी परत आला तो त्यांच्या दिवाणखान्याचं वर्णन करत. आता तो वर्षाला दहा-बारा कूड करतो, बाकीचे महिने नळ. टोळीतले लोक त्याला "शेणवाला आर्टिस्ट" म्हणतात आणि तो "ओ" देतो. विमलबाईचा एक नियम त्याला पाळावा लागतो: खळ्याच्या दर्शनी भागात भाजायचं नाही, मागे गोठ्याकडे.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याच्या बाईंचा फोन आला. तक्रार नव्हती, भल्या बाई आहेत. पण पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर कुडाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तडा गेला होता आणि फरशीवर चिमूटभर तांबडी माती पडली होती. काय करायचं? विमलबाईने भाकरी थापता थापता ऐकलं. "मंग? दरसाल सारवाय नको का? खळं एकदा सारवून जन्मभर पुरतं का? सांगितलं नाय त्या बाईला?"

सांगितलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तेव्हा ठरलं, की पुण्याला जाऊन तो कोपरा सारवून यायचा. विमलबाईने यायला साफ नकार दिला. गाय विणार होती. पण कोपराच आहे, एवढ्यापुरता तुझा हात चालेल, असं तिने हरेशला सर्टिफिकेट दिलं. एकट्याने त्या दिवाणखान्यात जायला त्याला धीर होईना, म्हणून मी बरोबर जायचं. बाईंशी बोलायचं काम माझं. पेज तांब्यात न्यायची, शेण झाकणाच्या बादलीत. पुण्यात शेण मिळतं, असं मी म्हटलं, तर विमलबाई म्हणाली, "मिळंल, पन ती गाय काय खाते ते कोनाला ठाऊक?" बरं. बादली न्यायची. मंगळवारी सकाळी कर्जत स्टेशनवर, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या वेळेला, पुलाखाली भेटायचं. तिकिटं मी काढायची.

मंगळवारी सकाळी मी चहा घेतला, पेपर वाचला आणि गेले नाही. गुडघा दुखत होता असं सांगता आलं असतं, पण तो रोजच दुखतो; खरं तर परक्या दिवाणखान्यात शेणाची बादली घेऊन शिरायचा धीर मलाही झाला नाही. दुपारी मला लाज वाटायला लागली. तो बिचारा बादली घेऊन पुलाखाली उभा राहिला असेल, म्हणून मी फोन केला.

"हरेश, अरे मी आले नाही. चुकलंच माझं."

तिकडून नुसता वाऱ्याचा आवाज. वर नळावर होता तो.

"बाई," तो म्हणाला, "मी पण नाय आलो."

"का रे?"

"काय माहीत. काकीनं पेज काढून ठेवली होती. मीच प्यायलो."

पुढच्या मंगळवारी नक्की, असं आम्ही ठरवलं.